घरच्या कॉम्प्युटरसाठी रेड: निवडा, जोडा आणि डेटा टाकायच्या आधी एकदा मोडून बघा

कोल्हापुरात घरातूनच काम करणारे व्हिडिओ एडिटर, लग्नाचे फोटोग्राफर, कर सल्लागार, क्लासवाले अशा सगळ्यांकडे आता टेराबाइटनं डेटा साठलाय. दोन-तीन कॅमेऱ्यांनी फोर के शूटिंग केलं की एकेका लग्नाचा डेटा काहीशे जीबीत जातो, आणि गिऱ्हाईक वर्षभरानं येऊन म्हणतं, "ते हळदीचे फोटो परत मिळतील का हो?" मग कुणीतरी सल्ला देतं, "रेड लावून टाक, डेटा सेफ." हा सल्ला अर्धाच खरा आहे.

रेड म्हणजे दोन किंवा जास्त डिस्क जोडून एकाच डिस्कसारख्या वापरायची पद्धत. तो एक काम करतो: एखादी डिस्क मेली तरी तुमचं काम थांबू देत नाही. चुकून डिलीट झालेलं फोल्डर तो परत देत नाही. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर ते सगळ्या डिस्कवर एकाच वेळी पसरतं. चोरी, विजेचा झटका, घरात शिरलेलं पाणी यांच्यापुढे सगळ्या डिस्क एकाच डब्यात असतात. म्हणून या लेखात मी निवडीइतकाच, खरं तर जास्तच भर चाचणीवर देणार आहे. जो अ‍ॅरे, म्हणजे रेडमध्ये जोडलेल्या डिस्कचा संच, तुम्ही स्वतःच्या हातानं एकदा मोडून परत उभा केलेला नाही, त्याच्यावर कुणाच्या लग्नाचे फोटो ठेवू नका.

तुम्हाला रेड लागतो का?

डिस्क गेली तर तुमचं काम एक-दोन दिवस थांबलेलं चालेल का? चालत असेल तर रेडचे पैसे वाचवा आणि दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या. रोज रात्री एकीवर आपोआप बॅकअप होऊ दे आणि दुसरी आठवड्यातून एकदा भरून दुसऱ्या घरी ठेवा. घरगुती फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, टॅली असला डेटा एवढ्यानं नीट सांभाळला जातो.

उद्या सकाळी एडिट द्यायचंय, रिटर्न भरायची शेवटची तारीख आहे, घरातले चार जण एकाच साठ्यावर काम करतात, अशी स्थिती असेल तर रेड घ्या. पण बॅकअप तेव्हाही वेगळा ठेवाच. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम रेड लावल्यावरही तसाच लागू राहतो. रेडमधल्या दोन डिस्क मिळून एकच प्रत धरायची. बजेट एकाच गोष्टीपुरतं असेल तर आधी बॅकअप, मग रेड.

कोणता रेड घ्यायचा

ही कल्पना १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात मांडली. त्यांनी एक ते पाच असे प्रकार सांगितले होते. त्यांत रेड ० नव्हता, कारण त्यात जादाची प्रत ठेवलेलीच नसते. डेटाचे तुकडे करून दोन डिस्कवर वाटायचे, वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळंच जातं. मूळ प्रत दुसरीकडे असलेल्या तात्पुरत्या फाइलींसाठी तो ठीक आहे. वेगवान एसएसडी आल्यावर घरी त्याची गरज फारशी उरलेली नाही.

घरासाठी माझी पहिली पसंती रेड १, म्हणजे मिरर. दोन डिस्क, दोन्हींवर तोच डेटा. चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर जागा चार टीबीच मिळते, आणि विंडोजमध्ये ती ३.६३ टीबी दिसते. निम्मी जागा गेली म्हणून लोक हळहळतात, पण बदल्यात मिळणारा साधेपणा मोलाचा आहे. एक डिस्क गेली तर उरलेल्या डिस्कवर सगळा डेटा पूर्ण असतो, रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरणं, ही सरळ कॉपी असते आणि गणित कसलंच नसतं.

रेड ५ कागदावर फार आकर्षक दिसतो. चार टीबीच्या चार डिस्क घेतल्या की बारा टीबी वापरायला मिळतात, फक्त एका डिस्कची जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या हिशेबाला, जाते. अडचण रिबिल्डच्या वेळी येते. एक डिस्क गेली की उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा डेटाचा सर्वांत छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे बारा टीबी. डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात वाचनदोषाचं प्रमाण साधारणपणे १०^१४ बिटांमागे जास्तीत जास्त एक असं दिलेलं असतं, आणि १०^१४ बिट म्हणजे साडेबारा टीबी. ही कंपनीनं दिलेली वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात बहुतेक डिस्क याहून चांगल्या चालतात. तरी रिबिल्ड चालू असताना दुसऱ्या डिस्कवर न वाचता येणारा सेक्टर निघाला, तर त्या जागेचा डेटा परत बनवायला काहीच शिल्लक नसतं. काही कंट्रोलर (रेड चालवणारं कार्ड किंवा चिप) तर रिबिल्डच सोडून देतात. शिवाय चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्यावर तासन्‌तास ताण येतो.

म्हणून मोठ्या डिस्कवर घरी रेड ५ लावायला मी सांगत नाही. चार डिस्क घ्यायच्याच असतील तर रेड १० (दोन-दोन डिस्कच्या मिरर जोड्या, डेटा त्यांच्यात वाटलेला) किंवा रेड ६ (दोन डिस्कएवढी पॅरिटी) घ्या. दोन्हींत आठ टीबी मिळतात. रेड ६ मध्ये कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं, पण लिहिण्याचा वेग कमी असतो. रेड १० वेगवान असतो, रिबिल्ड लवकर होतो, मात्र एका जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर खेळ संपला. एडिटिंगला रेड १०, साठवणीला रेड ६.

डिस्क विकत घेताना

राजारामपुरीतल्या दुकानात जा किंवा ऑनलाइन मागवा, मॉडेल नंबर हातात घेऊनच बोला. "नॅसला चालणारी द्या" एवढं पुरत नाही (नॅस म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा). आधी कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. एसएमआर डिस्कमध्ये शेजारशेजारचे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, सीएमआरमध्ये ते सुटे असतात. त्यामुळे एक जागा बदलायची तर आसपासचा पट्टाच पुन्हा लिहावा लागतो. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण रिबिल्डचं सलग लिहिणं सुरू झालं की डिस्क अडखळते आणि कधीकधी अ‍ॅरेबाहेर फेकली जाते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं बाहेर आलं आणि बराच गदारोळ झाला. रेडसाठी सीएमआरच घ्या.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. लिनक्स मात्र तीस सेकंद वाट बघतं आणि डिस्क मेली असं समजून तिला बाहेर काढतं. एका खराब सेक्टरपायी चांगली डिस्क बाद! नॅसच्या डिस्क सात सेकंदांत हार मानतात, मग तो सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून भरून घेता येतो. तुमच्या डिस्कमध्ये ही मर्यादा बदलायची सोय आहे का, ते स्मार्टसीटीएल या टूलनं कळतं. सोय असेल तर सात सेकंद ठेवा. ही सेटिंग बंद-चालू केल्यावर पुसली जाते, त्यामुळे प्रत्येक बूटला ती चालेल अशी व्यवस्था करा. सोय नसेल तर लिनक्सचीच मर्यादा वाढवून १८० सेकंद करा.

जमलं तर दोन डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून घ्या, म्हणजे एकाच लॉटमधला दोष दोन्हींत येण्याची शक्यता कमी होते. आणि बसवण्याआधी प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर कागदाच्या पट्टीवर ठळक लिहून, कॅबिनेट उघडल्यावर समोर दिसेल असा चिकटवा. रात्री अकरा वाजता कॅबिनेटमध्ये टॉर्च मारून कुठली डिस्क मेली ते शोधताना चांगलीच डिस्क उपटली गेल्याचे प्रकार खूप होतात.

कशावर उभा करायचा

मदरबोर्डच्या बायॉसमध्ये मिळणारा रेड मी घरी टाळतो. सगळं काम ड्रायव्हरच करतो, आणि बोर्ड गेला की त्याच घराण्यातला दुसरा बोर्ड शोधत फिरावं लागतं. जुना सेकंडहँड रेड कार्डचा पर्याय स्वस्त वाटतो, तिथंही हीच अडचण आहे.

विंडोजवरच राहायचं असेल तर विंडोजमधल्याच स्टोरेज स्पेसेस या सोयीत टू-वे मिरर (दोन प्रतींचा मिरर) करा. कंट्रोल पॅनेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. डिस्क त्यात घालताना पूर्ण पुसली जाते, तेवढं ध्यानात ठेवा. त्यातला पॅरिटीचा पर्याय लिहायला फार संथ असतो, तो सोडा.

वेगळा जुना कॉम्प्युटर असेल तर लिनक्स आणि त्यातलं रेडचं टूल एमडीएडीएम हा भरवशाचा मार्ग. अ‍ॅरेची सगळी माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, त्यामुळे त्या डिस्क उचलून दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या तरी अ‍ॅरे उभा राहतो. झेडएफएस (डिस्कवर फाइली मांडणारी आणि रेडही सांभाळणारी व्यवस्था) याहून एक पाऊल पुढे आहे. तो प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवतो. साध्या मिररमध्ये दोन डिस्कवरचा डेटा वेगळा निघाला तर खरा कुठला हे त्याला कळत नाही. झेडएफएसला कळतं, आणि तो चुकीची प्रत आपणहून दुरुस्त करतो. शिकायला थोडा वेळ द्यायची तयारी असेल तर झेडएफएसचा मिररच लावा. बीटीआरएफएस या तशाच व्यवस्थेचा मिररही चांगला आहे, मात्र त्याचे रेड ५ आणि ६ अजून भरवशाचे मानले जात नाहीत.

घरच्या माणसांचा साठा गोपनीय असेल, गिऱ्हाइकांची कागदपत्रं असतील, तर एन्क्रिप्शनचा (डेटा पासवर्डनं कुलूपबंद करण्याचा) निर्णय इथेच घ्या, डेटा भरल्यावर नाही. मिररमधून काढलेली डिस्क वॉरंटीला पाठवली तर तिच्यावर तुमचा सगळा डेटा वाचता येण्याजोगा असतो.

लाईट, उकाडा आणि पूर

लाईट गेली आणि अर्धवट लिहिलेलं राहिलं तर रेड ५-६ मध्ये डेटा आणि पॅरिटीचा मेळ बिघडतो. यूपीएस हवाच, आणि तो यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडलेला हवा, म्हणजे बॅटरी उतरायला लागली की मशीन स्वतःहून नीट बंद होईल. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका, बदलाच्या क्षणी काही कॉम्प्युटर रीस्टार्ट होतात. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना थोडा वेळ वीस-पंचवीस वॅट ओढते, हे चार डिस्कच्या मशीनला यूपीएस आणि पॉवर सप्लाय निवडताना धरा. एप्रिल-मेमध्ये माळ्याखालच्या खोलीत डिस्कचं तापमान बघा. ४५ अंशांच्या खाली राहायला हवं, नाहीतर डिस्कसमोर एक पंखा बसवा.

आपल्याकडं पुराचा विचार वेगळा करावाच लागतो. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी बघितलंय. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी या भागात तळमजल्यावर मशीन असेल तर नियम आधीच ठरवून ठेवा: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की मशीन रीतसर बंद करायचं, डिस्क काढून वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडे न्यायच्या. ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत थांबलात तर तोवर घरातल्या माणसांची आणि सामानाचीच धावपळ सुरू झालेली असते. घराबाहेरची बॅकअप डिस्कही पूररेषेच्या बाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. त्याच गल्लीतल्या काकांकडे ठेवून उपयोग नाही.

चाचणी: इथे घाई नको

खरा डेटा टाकायच्या आधी पूर्ण आठवडा राखून ठेवा.

सुरुवात एकेका डिस्कपासून. आधी स्मार्टची (डिस्कची स्वतःची तब्येत तपासायची सोय) लांब चाचणी चालवा. चार टीबीच्या डिस्कला सात-आठ तास लागतात. मग लिनक्सवर बॅडब्लॉक्स या टूलनं लिहून-वाचून तपासणी करा. ती डिस्कवरचं सगळं पुसते, म्हणून नव्या डिस्कवरच. चार वेगवेगळे नमुने लिहिणं आणि परत वाचणं मिळून चार टीबीला अडीच दिवस तरी जातात. जाऊ देत. खराब डिस्क आत्ताच उघडी पडली तर दुकानदार बदलून देतो. शेवटी स्मार्टचे चार आकडे बघा. पाच क्रमांकाचा म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे वाचताच न आलेले. नव्या डिस्कवर हे तिन्ही शून्य हवेत, एक जरी वाढला तरी डिस्क परत. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्कचा दोष नसतो, साटा केबल (डिस्कची डेटा केबल) बदला.

मग अ‍ॅरे बनवा आणि पहिलं सिंक (डिस्क एकमेकींशी जुळवून घेणं) पूर्ण होऊ द्या. वेग मोजताना कॉम्प्युटरच्या रॅमपेक्षा मोठी फाइल घ्या. १६ जीबी रॅम असेल तर ३२ जीबीची तरी हवी, नाहीतर तुम्ही डिस्कच्या नावाखाली रॅमचाच वेग मोजता. नेटवर्कवरून वापरणार असाल तर आकड्यांच्या मागे फार लागू नका. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच मिळतात, आणि तेवढं एकटी डिस्कही देते.

आता मुख्य भाग. नसले तरी चालतील असे व्हिडिओ आणि फोटो काहीशे जीबी कॉपी करा आणि सगळ्या फाइलींचे चेकसम काढून ती यादी दुसऱ्या मशीनवर ठेवा. नंतर डिस्क मारायची.

माझा भाचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्या मिररची चाचणी घेतली तेव्हा मी त्याला मिररवरचाच एक व्हिडिओ चालू ठेवायला सांगितला आणि दुसऱ्या खिडकीत डिस्क फेल करायची कमांड टाइप करून दिली. एंटरवर बोट ठेवून तो थांबला.

"मामा, दाबू का नको?"

"दाब की."

व्हिडिओत नवरा-नवरी सप्तपदी घेत होती, ती थांबली नाहीत. अ‍ॅरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलीत मात्र चौकटी कंसात दोन 'यू' होते तिथं एक 'यू' आणि एक आडवी रेघ आली. त्यानं ते दोन-तीनदा वाचून बघितलं. मग आम्ही त्याच्या फोनवर सूचनेच्या मेलची वाट बघत बसलो. तो स्पॅममध्ये पडला होता. खऱ्या अपघातात हाच मेल महिनोन्‌महिने स्पॅममध्ये राहिला असता आणि मिरर एका डिस्कवर चालत राहिला असता. डिस्क गेल्याचं कळलंच नाही तर रेड असून नसल्यासारखाच. म्हणून मेल मुख्य इनबॉक्समध्ये येईपर्यंत फिल्टर नीट करा, आणि एमडीएडीएमच्या निगराणीतला चाचणी-मेल नंतरही अधूनमधून पाठवून बघा.

कमांडनं डिस्क फेल करणं ही सौम्य चाचणी झाली. पुढची खरी: मशीन बंद करा, एका डिस्कची डेटा केबल काढा आणि चालू करा. मशीन बूट होतं का, अ‍ॅरे एका डिस्कवर उभा राहतो का, शेअर केलेलं फोल्डर घरातल्या बाकीच्या कॉम्प्युटरना दिसतं का, हे तपासा. रीस्टार्टनंतर अर्धा अ‍ॅरे आपणहून सुरू होत नाही अशी सेटिंग निघाली, तर ती आत्ताच सापडलेली बरी.

इथं बरेच जण एका गोष्टीला फसतात. केबल परत लावली की अ‍ॅरे दोन मिनिटांत पूर्ववत होतो आणि वाटतं, रिबिल्ड झाला. तो रिबिल्ड नसतो. एमडीएडीएम कुठला भाग बदलला याची नोंद बिटमॅपमध्ये ठेवतं आणि जुनी ओळखीची डिस्क परत आली की तेवढाच भाग भरतं. नवी डिस्क आणल्यावर काय होईल हे बघायचं असेल तर त्या डिस्कवरची रेडची ओळख पुसून टाका आणि ती कोरी डिस्क म्हणून अ‍ॅरेत घाला. आता खरा रिबिल्ड सुरू होतो. सेकंदाला सरासरी १५० एमबी धरले तर चार टीबीला साडेसात तास, आठ टीबीला पंधरा तास. घड्याळ लावून तुमचा आकडा लिहून ठेवा आणि रिबिल्ड चालू असताना नेहमीचं एडिटिंग करून बघा. मशीन किती जड होतं, त्या रात्री काम करता येईल का, हे त्यातून कळतं. संपल्यावर चेकसमची यादी पडताळा. एकाही फाइलीचा चेकसम चुकला तर पुढं जाऊ नका, रॅम तपासा, केबल तपासा, पुन्हा पहिल्यापासून.

यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून मशीन वेळेत नीट बंद होतं का तेही बघा. लिनक्स असेल तर दोन्ही डिस्क दुसऱ्या मशीनला लावून अ‍ॅरे उभा राहतो का, हेही एकदा करा. बोर्ड जळाला तर नेमकं हेच करावं लागणार आहे. आणि बॅकअपवरून एक आख्खं फोल्डर परत आणून उघडून बघा. बॅकअप आहे असं म्हणणारे खूप भेटतात, तो परत आणून बघितलेले थोडे.

स्टोरेज स्पेसेसवर असाल तर हेच सगळं केबल काढून करता येतं, फक्त मशीन बंद करून. झेडएफएसवर डिस्क ऑफलाइन करून बघा, आणि शेवटी स्क्रब (सगळा डेटा वाचून पडताळणं) चालवा.

रोजच्या वापरात

महिन्यातून एकदा संपूर्ण अ‍ॅरेची तपासणी हवी, म्हणजे न उघडलेल्या फाइलींखाली लपलेले खराब सेक्टर रिबिल्डच्या दिवशी पहिल्यांदा समोर येणार नाहीत. डेबियन आणि उबंटूवर एमडीएडीएमची ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते. त्या रात्री मशीन बंद ठेवत असाल तर दिवस बदलून घ्या. झेडएफएसला स्क्रब महिन्याला एकदा लावा.

डिस्क गेली त्या दिवशी

मेल आला की आधी कशालाही हात लावू नका. नवा डेटा लिहिणं थांबवा आणि सगळ्यात महत्त्वाची फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. रिबिल्ड त्यानंतर. मेलमधल्या डिस्कचा सीरियल नंबर स्मार्टसीटीएलमधून काढा आणि मशीन बंद करून तो चिकटवलेल्या पट्टीशी ताडून बघा. डिस्क काढायच्या आधी केबल बदलून एकदा चालू करून बघा, १९९ चा आकडा वाढलेला असेल तर तेवढ्यानंच काम होऊन जातं.

नवी डिस्क जुन्या डिस्कएवढीच किंवा मोठी हवी. दुसऱ्या कंपनीची चार टीबी काही सेक्टरांनी लहान निघाली तर अ‍ॅरे ती घेत नाही. यावर आधीच उपाय म्हणून पहिल्या दिवशी अ‍ॅरे करताना प्रत्येक डिस्कच्या शेवटी थोडी जागा, शंभर एमबीच्या आसपास, मोकळी सोडून पार्टिशन करा. नव्या डिस्कची बॅडब्लॉक्स तपासणी अडीच दिवस चालवायला आता वेळ नसतो, पण स्मार्टची लांब चाचणी तरी करूनच ती अ‍ॅरेत घाला. आणि काढलेली डिस्क वॉरंटीला देण्याआधी पूर्ण पुसा. पुसण्याइतकीही चालत नसेल आणि तिच्यावर एन्क्रिप्शन नसेल तर ती देऊ नका, वॉरंटीचे पैसे सोडून द्या.